सातपुड्यातील पदभ्रमण

नागपूरच्या उत्तरेस असलेल्या सातपुडा पर्वतात पायी हिंडण्याची, सकाळी निघून संध्याकाळी परतण्याची किंवा ठरावीक मुक्कामांवर रात्र काढीत अनेक दिवस पुढे जाण्याची दीर्घ परंपरा. यूरोपात, विशेषतः आल्प्स पर्वतात, अशा भ्रमंतीचा इतिहास गिरिभ्रमण मंडळांनी बांधलेल्या निवाऱ्यांपासून सांगितला जातो. सातपुड्यात तो यात्रेकरूंच्या मुक्कामांपासून सुरू होतो, पुढे वनखात्याच्या विश्रामगृहांतून जातो आणि हौसेने चालणारा मनुष्य त्यात फार उशिरा येतो. येथील वाटा व निवारे त्याच्यासाठी निर्माण झालेले नव्हते. या एका गोष्टीमुळे सातपुड्यातील पदभ्रमणाला आजचे स्वरूप आले आहे आणि तेथे कोणी, कधी व कोणाच्या परवानगीने चालावे, हा प्रश्नही तीतूनच उद्‌भवला आहे.

नागपूरचे मैदान समुद्रसपाटीपासून सु. ३१० मी. उंचीवर आहे. उत्तरेकडे निघालेल्या वाटसरूला छिंदवाड्याच्या वाटेवर सिलेवाणी घाटात आणि सिवनीच्या वाटेवर कुरई घाटात सातपुड्याची चढण लागते. पठारावर पोहोचल्यावर पर्वत संपल्यासारखा वाटतो, परंतु वायव्येस महादेव टेकड्यांत तो पुन्हा उसळतो आणि पचमढीजवळ धूपगड या सातपुड्यातील सर्वोच्च शिखरापर्यंत (सु. १,३५० मी.) जातो. पश्चिमेस गाविलगडच्या डोंगररांगा असून त्यांच्या कुशीत चिखलदरा व मेळघाटाचे अरण्य आहे. नागपूरकरांचा या डोंगरांशी संबंध केवळ शेजाराचा नाही. ज्याच्या काळात नागपूर हे नगर वसले, तो गोंड राजा बख्त बुलंद याची राजधानी छिंदवाड्याजवळील देवगड येथे डोंगरात होती. नागपूरला पाणी पुरविणाऱ्या कन्हान व पेंच या नद्याही त्याच पठारावरून उतरतात.

महादेवाची वाट : सातपुड्यातील सर्वांत जुनी नियमित पायपीट ही महादेवाच्या यात्रेची होय. पचमढीच्या परिसरातील महादेव गुंफा, जटाशंकर व चौरागड ही स्थाने गोंड, कोरकू आणि विदर्भातील शेतकरी समाज या सर्वांनाच पूज्य आहेत. भस्मासुराच्या भयाने शंकर या गुहांत लपला, अशी तेथील आख्यायिका आहे. विदर्भात पचमढीला ‘मोठा महादेव’ म्हणतात. अमरावती जिल्ह्याच्या सीमेवरील सालबर्डी हा त्याचा धाकटा भाऊ. महाशिवरात्रीच्या सुमारास गावोगावचे यात्रेकरू गट करून निघत. अशा गटाला ‘पोहा’ असे नाव आहे. पोह्याबरोबर महादेवाची गाणी चालत आणि नवस फेडण्यासाठी वाहावयाचा लोखंडी त्रिशूळ खांद्यावर असे. चौरागडाच्या माथ्यावर अशा त्रिशुळांचे रानच उभे आहे. त्यांतील काही एका माणसाला उचलणे कठीण जावे इतके जड आहेत. ते गडावर नेण्यासाठी किती मजला कराव्या लागल्या असतील, याची कल्पना त्यांच्याकडे पाहूनच येते.

दक्षिणेकडून येणाऱ्या यात्रेकरूंचा मार्ग पाहिला, म्हणजे मुक्कामांची एक पक्की व्यवस्था त्यामागे दिसते. छिंदवाडा जिल्ह्यात जुन्नारदेवजवळ एका झऱ्याकाठच्या देवस्थानाला ‘पहिली पायरी’ म्हणतात. प्रत्यक्ष चौरागड तेथून पुष्कळ दूर आहे, पण यात्रेच्या दृष्टीने डोंगर तेथेच चढायला लागतो. पुढे गडाच्या पायथ्याशी भुराभगत हे ठिकाण लागते. तेथे शिवरात्रीला मोठी जत्रा भरते. या मुक्कामांवर इमारत अशी नसे. पाणी, सावलीची जुनी झाडे, स्वयंपाकापुरते सरपण आणि गावचा भुमका म्हणजे पुजारी, एवढ्यावर काम भागे. दोन मुक्कामांतील अंतर पाण्याने ठरे आणि पाण्याचे ठिकाण गोंड-कोरकूंना ठाऊक असे. पुढच्या काळातील साहेबांच्या नकाशांवर पडावांची जी ठिकाणे दिसतात, त्यांतील बरीचशी याच न्यायाने पूर्वीच ठरलेली होती.

डोंगरातील या वाटा राजकीय आश्रयासाठीही उपयोगी पडल्या. सीताबर्डीच्या लढाईनंतर (१८१७) पदच्युत झालेले नागपूरचे आप्पासाहेब भोसले मे १८१८ मध्ये इंग्रजांच्या कैदेतून निसटले आणि महादेव टेकड्यांत गोंड सरदारांच्या आश्रयास राहिले. हर्रईचा चैनशाह हा त्यांतील प्रमुख. पुढील वर्षाच्या आरंभी ते अशीरगडाकडे निघून जाईपर्यंत इंग्रज फौजांना त्यांचा माग लागला नाही. तात्या टोपे यांनीही १८५८ च्या अखेरीस नर्मदा ओलांडून याच पर्वतातून मुलताईच्या दिशेने मार्ग काढला. सातपुडा ‘अज्ञात’ असल्याचा जो उल्लेख नंतरच्या इंग्रजी लेखनात वारंवार आढळतो, त्याचा अर्थ तो इंग्रजांना अज्ञात होता इतकाच घ्यावयास हवा.

वनविश्रामगृहे : नागपूरचे राज्य १८५४ मध्ये खालसा झाले आणि १८६१ मध्ये नागपूर हे राजधानीचे ठिकाण करून मध्य प्रांताची स्थापना झाली. पुढच्याच वर्षी कॅप्टन जेम्स फॉर्सिथ पचमढीच्या पठारावर पोहोचला. त्याने स्थानिक गोंड व कोरकू लोकांच्या मदतीने तेथे ‘बायसन लॉज’ ही इमारत उभारली (१८६२). गव्यांच्या कळपांवरून तिला हे नाव मिळाले. आज तेथे संग्रहालय आहे. फॉर्सिथचा द हायलँड्स ऑफ सेंट्रल इंडिया हा ग्रंथ त्याच्या मृत्यूच्या वर्षी, १८७१ मध्ये, प्रसिद्ध झाला. साग व साल यांच्या सीमा, गोंड-कोरकूंचे जीवन, महादेवाची यात्रा आणि शिकार यांचे त्यातील वर्णन आजही वाचनीय आहे. या वर्णनाला एक काळी कडाही आहे. १८६५ मध्ये यात्रेत पटकीची साथ पसरली, परतणाऱ्या यात्रेकरूंबरोबर ती दूरवर गेली आणि त्यानंतर काही काळ ही जत्रा बंद ठेवण्यात आली. सरकारी आज्ञेने महादेवाची वाट अडविली जाण्याचा हा आरंभीचा प्रसंग होय.

स्वित्झर्लंडमध्ये १८६३ साली आल्पाइन क्लब स्थापन झाला आणि त्याच वर्षी टोडी शिखराच्या वाटेवर त्याने ग्रुनहॉर्न हा पहिला निवारा बांधला. बायसन लॉज व हा निवारा यांच्यात एका वर्षाचेच अंतर आहे, पण दोहोंचे हेतू अगदी भिन्न होते. स्विस निवारा पर्वतावर प्रेम करणाऱ्या नागरिकांनी वर्गणीतून स्वतःसाठी बांधला. सातपुड्यातील इमारत सरकारने आपल्या अधिकाऱ्यांसाठी उभारली. येथून पुढे दोन्ही परंपरांच्या वाटा वेगळ्या झाल्या.

वनविषयक कायदे १८६५ व १८७८ मध्ये झाले. पचमढीच्या पायथ्याचे बोरीचे सागवन १८६५ मध्येच राखीव करण्यात आले. देशातील आरंभीच्या राखीव वनांत त्याची गणना होते. राखीव वनाची हद्द आखणे, कूप पाडणे, वणव्याच्या रेषा साफ ठेवणे आणि लाकडाची मोजणी करणे या कामांसाठी अधिकाऱ्याला वर्षातील कित्येक महिने फिरतीवर राहावे लागे. पावसाळ्यानंतरचा हिवताप ओसरला, की नोव्हेंबरमध्ये ही फिरती सुरू होई आणि उन्हाळा तापेपर्यंत चाले. रोजची मजल साधारणतः १६ ते २० किमी. असे. सामानाच्या बैलगाड्या पहाटेच पुढे जात. साहेब पायी किंवा घोड्यावरून कामे पाहत दुपारपर्यंत पोहोचत असे. या मजलांच्या हिशेबाने वनविश्रामगृहांची साखळी उभी राहिली. मेळघाटातील सेमाडोह, कोलकास, हरिसाल, ढाकणा, चौराकुंड, तारूबांदा, रंगूबेली, हतरू किंवा पचमढीखालील बोरी, चुरना ही ठिकाणे नकाशावर जोडून पाहिली, तर ती एक-दोन दिवसांच्या चालीच्या अंतराने मांडलेली दिसतात.

या इमारतींचा घाट बहुतेक सारखाच आहे. दगडी जोते, जाड भिंती, उंच कौलारू छप्पर, समोर किंवा चहूबाजूंनी पडवी, दोन खोल्या, मागे सुटे स्वयंपाकघर, जवळ विहीर किंवा नदीचा डोह, चौकीदाराची खोली आणि घोड्यांसाठी पागा. जागा निवडणाऱ्यांची दृष्टी मात्र वाखाणण्यासारखी होती. कोलकासचे विश्रामगृह सिपना नदीच्या वळणावर उंचवट्याशी आहे. तेथून नदीचे पात्र व पलीकडची वनराई एका नजरेत येते. टेबलावर अभ्यागतांची नोंदवही असे. तीत पाऊसपाणी, वाघाचे माग, पुलाची मोडतोड, चौकीदाराविषयीची तक्रार, असे सर्व काही लिहिले जाई. सातपुड्याच्या इतिहासाचे हे एक दुर्लक्षित साधन आहे. शासकीय कामावरील व्यक्तीला खोली आधी, इतरांना उरल्यास, हा नियम मात्र शेवटपर्यंत राहिला.

ही सोय कोणाच्या श्रमांवर उभी होती, हे सांगितल्याशिवाय तिचे वर्णन अपुरे राहील. राखीव वनांत मजुरांचा पुरवठा व्हावा म्हणून वनखात्याने ‘वनग्रामे’ वसविली. तेथील कोरकू व गोंड कुटुंबांना कसण्यास जमीन मिळे, पण तिच्यावर मालकी मिळत नसे. बदल्यात खात्याच्या कामास यावे लागे. ओझी वाहणे, गवत-सरपण-पाणी आणून देणे, कोंबड्या-अंडी पुरविणे, ही बेगारीची कामे दौऱ्याबरोबर येतच. ज्या रानात आदल्या पिढीने डोंगर भाजून शेती केली, मोहाची फुले वेचली आणि गुरे चारली, त्याच रानात पुढची पिढी साहेबांची वाटाडी झाली. हा असंतोष १९३० च्या जंगल सत्याग्रहात उघड झाला. बैतूल जिल्ह्यात गंजनसिंह कोरकू यांनी त्याचे नेतृत्व केले. नागपूर–सिवनी मार्गाजवळील टुरिया येथे ९ ऑक्टोबर १९३० रोजी झालेल्या गोळीबारात तीन स्त्रिया व एक पुरुष मरण पावला. आज पेंच व्याघ्र प्रकल्पाचे मध्य प्रदेशातील प्रमुख प्रवेशद्वार टुरियाचेच आहे. तेथून दररोज जाणाऱ्या पर्यटकांपैकी फार थोड्यांना या घटनेची माहिती असते.

सिवनीचे रान इंग्रजी वाङ्‌मयातून जगभर पोहोचले, तेही याच फिरतीमुळे. आर. ए. स्टर्नडेल याचे सिवनीविषयीचे पुस्तक १८७७ मध्ये निघाले. रड्यर्ड किपलिंगने द जंगल बुकमधील (१८९४) पार्श्वभूमी रंगविताना अशा लेखनाचा आधार घेतला; तो स्वतः सिवनीला कधी गेला नव्हता. याच्या उलट स्टीव्हन हिस्लॉप या नागपूरच्या मिशनऱ्याने प्रत्यक्ष पायपीट करून खडक, जीवाश्म आणि गोंडांची कथागीते गोळा केली. त्याची टिपणे रिचर्ड टेंपलने त्याच्या मृत्यूनंतर संपादित केली (१८६६).

हौशी पदभ्रमण : पचमढी ही मध्य प्रांताची उन्हाळी राजधानी झाल्यावर तेथे साहेब लोकांच्या सहली सुरू झाल्या. धबधबे, कडे व खोरी यांना इंग्रजी नावे पडली. डचेस फॉल हे त्यांपैकी एक. नागपूरच्या मध्यमवर्गीय कुटुंबांची सहल बराच काळ रामटेक, अंबाझरी, तेलंगखेडी, सेमिनरी हिल्स अशा जवळच्या ठिकाणांपुरती होती. नागपूर–छिंदवाडा ही अरुंदमापी लोहमार्गाची गाडी १९१३ मध्ये सुरू झाल्यावर घाटावर जाणे सोपे झाले. ही गाडी २०१५ मध्ये मार्ग रुंद करण्यासाठी बंद होईपर्यंत यात्रेकरू, शेतकरी व भटके यांना सारखीच उपयोगी पडली.

भारत स्काउट्स आणि गाइड्स या संस्थेचे राष्ट्रीय प्रशिक्षण केंद्र १९५६ मध्ये पचमढीस सुरू झाले आणि शाळकरी मुलामुलींच्या कित्येक पिढ्यांनी पाठीवर पिशवी घेऊन चालण्याचा पहिला धडा तेथे घेतला. याच वर्षी राज्यपुनर्रचनेमुळे नागपूरची राजधानी गेली. पचमढी मध्य प्रदेशात राहिली; नागपूर व मेळघाट मुंबई राज्यात आणि १९६० पासून महाराष्ट्रात आले. एकाच शासनाच्या विश्रामगृहांची साखळी अशा रीतीने दोन राज्यांत विभागली गेली. तरुणांचा ओढा यानंतर दोन दिशांना वळला. काही जण युवा वसतिगृह संघटनेच्या मोहिमांतून हिमालयात जाऊ लागले, तर काहींनी मेळघाट जवळ केला. मराठी वाचकांच्या मनात रानाची ओढ निर्माण करण्यात मारुती चितमपल्ली (१९३२–२०२५) यांच्या लेखनाचा वाटा मोठा आहे. मेळघाट, नवेगाव बांध, नागझिरा येथे वनाधिकारी म्हणून त्यांनी जी पायपीट केली, ती त्यांच्या रानवाटासारख्या पुस्तकांत उतरली. फिरतीवरच्या अधिकाऱ्याची जुनी परंपरा त्यांच्यात दिसते; फरक इतकाच, की आदिवासी वाटाड्याला त्यांनी गुरुस्थानी मानले.

संरक्षण आणि चालण्याचा हक्क : वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ मध्ये झाला. मेळघाट हा १९७३-७४ मध्ये सुरू झालेल्या पहिल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांपैकी एक. पेंचचे महाराष्ट्रातील राष्ट्रीय उद्यान १९७५ मध्ये आणि सातपुडा राष्ट्रीय उद्यान १९८१ मध्ये घोषित झाले. कायद्याप्रमाणे अभयारण्यात प्रवेशासाठी परवाना लागतो. तेथील रहिवासी, तेथे स्थावर मालमत्ता असलेले आणि सार्वजनिक रस्त्याने जाणारे यांना मात्र त्यातून वगळले आहे. पायवाट हा सार्वजनिक रस्ता होय की नव्हे, हा वाद येथूनच उपस्थित होतो. जुन्या मुक्कामांपैकी अनेक विश्रामगृहे गाभा क्षेत्रात गेली आणि त्यांना जोडणारी पायवाट हौशी माणसाला बंद झाली. पर्यटक आता त्याच रस्त्याने उघड्या मोटारीतून जातो. वाघ, गवे व रानकुत्रे यांच्या दृष्टीने हा निर्णय हितकारक ठरला, हे नाकारता येत नाही. मनुष्याचा वावर घटल्यावर गावठाणांच्या जागी गवताची कुरणे झाली आणि तृणभक्षी प्राणी तेथे परतले.

परंतु त्या गावठाणांवर माणसे राहत होती. मेळघाटात कोहा, कुंड व बोरी ही गावे आधी उठली. पुढे वैराट, चुर्णी, पस्तलई, अमोणा आणि इतर गावांचे पुनर्वसन झाले. पचमढीखालील बोरी, चुरना व धाई येथील वस्तीही हलविण्यात आली. (मेळघाटातील बोरी आणि पचमढीखालचे बोरी ही दोन भिन्न ठिकाणे होत.) पुनर्वसन काही कुटुंबांनी रस्ता, शाळा व दवाखाना यांसाठी स्वेच्छेने स्वीकारले; काहींची मैदानातील जमिनीबद्दल व पाण्याबद्दल तक्रार राहिली. वनहक्क कायद्याने (२००६) जंगलवासीयांचे परंपरागत हक्क मान्य केले असले, तरी उठलेल्या गावांमधील पायवाटा चालणाऱ्यांअभावी बुजत आहेत. वाटेबरोबर नाल्याचे, उताराचे आणि झऱ्याचे नावही जाते.

या बंदीला एक मोठा अपवाद आहे. श्रावणात नागपंचमीच्या सुमारास पचमढीहून नागद्वारीची यात्रा निघते. त्या वेळी सु. दहा दिवस व्याघ्र प्रकल्पातील वाट यात्रेकरूंना खुली केली जाते. वर्षाचे उरलेले दिवस ती बंद असते. धूपगडाच्या रस्त्याकडून उतरून काजरी, पद्मशेष, चिंतामण, स्वर्गद्वार अशा टप्प्यांनी ही सु. १२ ते १५ किमी.ची डोंगरचाल आहे. भर पावसात शेवाळलेले खडक, दुथडी वाहणारे नाले व उभे कडे पार करावे लागतात. अवघड जागी लोखंडी शिड्या बसविल्या आहेत. लाखोंच्या संख्येने येणाऱ्या या यात्रेकरूंत विदर्भातील लोक सर्वाधिक असतात. नागपूर व आसपासच्या जिल्ह्यांतील सेवामंडळे डोंगरात ठिकठिकाणी ताडपत्रीचे तळ उभारतात आणि येणाऱ्याला जात-गाव न विचारता जेवण, चहा व अंग टेकण्यापुरती जागा देतात. एका निवाऱ्याहून दुसऱ्या निवाऱ्याकडे जाण्याची ही पद्धत वर्गणी, स्वयंसेवा व खुला प्रवेश या तिन्ही बाबतींत आल्प्समधील मंडळांच्या मूळ कल्पनेशी जुळते. बहुतेक गिरिभ्रमणविषयक पुस्तकांत तिचा उल्लेखही नसतो, याचे कारण बहुधा एवढेच, की चालणाऱ्यांच्या अंगावर गिर्यारोहकाचा पोशाख नसतो.

वनखात्याची अडचणही खरी आहे. दहा दिवसांत एवढा जनसमुदाय एका अरुंद खोऱ्यातून गेल्यावर प्लॅस्टिक, उरलेले अन्न, सरपणासाठी तोड आणि झऱ्यांचे प्रदूषण हे प्रश्न निर्माण होतात. हा प्रदेश १९९९ पासून पचमढी जीवावरण राखीव क्षेत्राचा भाग आहे आणि त्याच्या ओलसर दऱ्यांत दुर्मिळ नेचे आढळतात. यात्रेचे दिवस, वाहने व तळ यांवर त्यामुळे निर्बंध घातले जातात.

सातपुडा व्याघ्र प्रकल्पात अलीकडे काही भागांत प्रशिक्षित वाटाड्याबरोबर पायी फिरण्यास परवानगी दिली जाते. देशातील व्याघ्र प्रकल्पांत ही सवलत विरळ आहे. पचमढीच्या पठारावरून खालच्या खोऱ्यात उतरणाऱ्या, तंबूत मुक्काम करीत केल्या जाणाऱ्या एका अनेक-दिवसीय चालीला फॉर्सिथचे नाव देण्यात आले आहे. तिच्यासाठी मोजावी लागणारी रक्कम पोह्याबरोबर चालणाऱ्याच्या आवाक्यातील नाही. या चालीत पुढे वाट दाखविणारे बहुधा त्या परिसरातील गोंड किंवा कोरकू तरुण असतात.